चितारी, कासार आणि उसना चेहरा

फार जुन्या काळी, आमच्या आज्याच्या आज्यालाही जो काळ नुसता ऐकून ठाऊक होता त्या काळी, एका राज्यात एक चितारी राहत होता.

त्या राज्यातल्या लोकांना गोष्टींचं भारी वेड. राजाला होतं, तसं गुराख्यालाही होतं. माणूस जत्रेला गेला की आधी गोडीशेव घ्यायचा आणि मग गोष्टीची चोपडी. चोपडी म्हणजे तळहातावर मावेल एवढी पोथीच, पण देवाधर्माची नव्हे. राक्षस, राजकन्या, भुयारं, उडते घोडे, असल्या गोष्टींची. ज्याला वाचता यायचं तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे भोवती बसून ऐकायचे. पण विकत घेताना मात्र वाचता येणारा आणि न येणारा, दोघेही एकच करायचे. वरचं चित्र बघायचे.

आणि वरचं चित्र काढायचा तो आपला हा चितारी.

तरुणपणी तो लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती आणि केळीचे खांब काढायचा. एकदा एका चोपडीवाल्या शेठने त्याचा हत्ती पाहिला. उभा राहून बराच वेळ पाहिला.

"अरे, हा तर धावतोय," शेठ म्हणाला. "वाघ काढशील का असा धावता?"

"धावता काढीन, नाहीतर उडी मारता काढीन. सांगाल तसा."

झालं. त्या दिवसापासून चिताऱ्याचा हात थांबला नाही. तो सकाळी वाघ काढायचा, दुपारी नदीचा पूर, आणि दिवेलागणीच्या आत एखादं भूत. शेठचा सुतार ते चित्र लाकडावर कोरायचा, त्याचे ठसे उठवायचा, आणि शेठच्या घरच्या बायका बसून त्यात रंग भरायच्या. मग ती चोपडी डोंगरापलीकडच्या बाजारापर्यंत जायची.

राजवाड्यातले चित्रकार वर्षाला एक चित्र काढायचे. ते चिताऱ्याला चिडवायचे. "रोज एक चित्र? अरे, हे चित्र आहे की भाकरी?"

"भाकरीच आहे महाराजा," चितारी हसून म्हणायचा. "लोकांना रोज ताजी लागते."

आता त्या धंद्यातली एक उलटी रीत सांगतो. तुम्हाला वाटेल, आधी गोष्ट आणि मग तिचं चित्र. तसं नव्हतं. चित्र आधी, गोष्ट मागाहून. शेठ म्हणायचा, गिऱ्हाईक चित्राला येतं, गोष्टीचं काय, ती चित्राला बेतून शिवता येते. मग शेठचा गोष्टकार यायचा, हडकुळा माणूस, चित्रासमोर डोकं धरून बसायचा.

"अहो चितारी, ह्या राक्षसाच्या हातात समई का दिलीत?"

"तो कोपरा फार काळा दिसत होता हो. उजेड हवा होता."

"मग मी लिहू काय?"

"लिहा की, राक्षस अंधाराला भितो."

गोष्टकाराने कपाळाला हात लावला आणि तसंच लिहिलं. लोकांना ती गोष्ट इतकी आवडली की आया आपल्या भित्र्या पोरांना सांगायला लागल्या, अरे, राक्षससुद्धा समई घेऊन जातो, तू कशाला लाजतोस.

चिताऱ्याला चित्र काढताना समोर माणूस लागायचा. राजकन्या म्हणून त्याची बायको बसायची. तिचे केस पिकले तरी चित्रातली राजकन्या काळ्याभोर केसांचीच राहिली.

"जरा किंकाळी मार," तो म्हणायचा.

"चुलीवर भाकरी करपतेय," ती म्हणायची. "तिची किंकाळी ऐका."

आणि राक्षस म्हणून बसायचा शेजारचा कासार.

देवाने त्या कासाराला चेहरा मोठा नामी दिला होता. जाड भुवया मधोमध जुळलेल्या, डोळे वाटीसारखे, नाक रुंद, गालावर लवंगेएवढा तीळ. आणि स्वभाव? मुंगी वाटेत आली तर पाऊल लांब टाकणारा. त्याचं काम बायकांच्या हातात बांगड्या भरण्याचं. ते काम सोपं नाही बरं का. काचेची बांगडी लहान, हात मोठा. बाईने हात आखडला की बांगडी फुटते आणि हाताला लागते. पण हा कासार हात हातात घ्यायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "सैल सोड बाई, झोपेत सोडतेस तसा." आणि बोलता बोलता मनगट काकणांनी भरून जायचं. बाई उठून त्याला नमस्कार करायची, तो आशीर्वाद द्यायचा, आणि जाताना एक बांगडी वर द्यायचा.

असा हा माणूस चिताऱ्यासमोर मुसळ घट्ट पकडून बसायचा. चित्रात त्या मुसळाचं राजकन्येचं मनगट व्हायचं.

"डोळे वटार," चितारी म्हणायचा.

"हे बघ, वटारले."

"हे वटारणं नव्हे. तुला शिंक येतेय."

दोघेही हसायचे. कासार म्हणायचा, "अरे, जन्मात मला कुणी भ्यालं नाही. माझी मांजरसुद्धा भीत नाही. निदान चित्रात तरी कुणी भ्यावं."

आणि लोक भ्याले. राजकन्येचं मनगट धरलेला तो राक्षस राज्यभर गाजला. शेठ म्हणाला, "आता दुसरं काही नको. हाच राक्षस, हीच पकड." गोष्टकारही दर गोष्टीत लिहायला लागला, 'जुळलेल्या भुवयांचा, गालावर तीळ असलेला तो दुष्ट राक्षस.' म्हणजे ज्याने चित्र पाहिलं नव्हतं त्यालाही तो ऐकून ओळखता यायला लागला. अशी कितीतरी वर्षं गेली. चितारी काढत राहिला, चोपड्या खपत राहिल्या.

आपल्या गावात कासाराला सगळे ओळखत होते. पण कासार काही एका गावात बसून पोट भरत नाही. तो पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन गावोगावचे बाजार करतो, जत्रा करतो. एका वर्षी जत्रांच्या दिवसांत तो परत आला तेव्हा त्याचं गाठोडं जातानाएवढंच भरलेलं होतं.

"काय रे, बाजार कसा?" चिताऱ्याने ओसरीवरूनच विचारलं.

"मंदा आहे जरा," कासार म्हणाला आणि आत गेला.

चिताऱ्याला ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने कासाराला बोलावलं, कासार येऊन मुसळ धरून बसला, डोळे वटारले. चित्र झकास झालं.

ते चित्र वाळत होतं तेव्हा कासारीण आली. चित्रासमोर उभी राहिली.

"भावजी, राक्षस छान झालाय हं."

"झालाय ना, वहिनी?"

"इतका छान झालाय, की आता आमच्या घरातल्या माणसाला जागाच उरली नाही."

चिताऱ्याने कुंचला खाली ठेवला. कासारीण खाली बसली आणि पदराने डोळे पुसत सांगू लागली. डोंगराकडच्या जत्रेत एक नवी नवरी हिरवा चुडा भरायला आली होती. कासाराचं तोंड बघितलं आणि सासूच्या मागे जाऊन लपली. म्हणाली, हा माझा हात धरला की सोडणार नाही. तिला बघून दुसऱ्या बायका उठल्या. मग पुरुष आले आणि त्यांनी कासाराला बाजारातून उठवलं. पुढच्या गावी तेच झालं, त्याच्या पुढच्या गावीही तेच.

"आता तोंडाला पंचा बांधून बसतात," कासारीण म्हणाली. "पण झाकल्या तोंडाच्या माणसाला कुठली बाई हात देईल, भावजी? आमचा धंदा हाताचा. बाईने विश्वासाने हात दिला तर बांगडी जाते. नाही दिला तर एवढ्या काचा घेऊन आम्ही काय करायचं? चघळायच्या?"

"तो मला बोलला का नाही?"

"मी म्हटलं बोला. तर म्हणतात, नको, त्याचं चित्र बिघडेल."

चिताऱ्याला घास गोड लागेना. त्याने विचार केला, चित्राने घालवलं, चित्रच परत आणील. त्याने लगेच नवं चित्र काढायला घेतलं. त्यात कासाराला राजा केलं. सिंहासनावर बसवलं, डोक्यावर मुकुट ठेवला, हाताने गरिबांना अन्न वाढताना दाखवलं. भुवया तशाच, तीळ तसाच, पण नजर अगदी प्रेमळ.

शेठने चित्र पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! राक्षस राजाचं सोंग घेऊन आला!"

"सोंग नाही शेठ, तो राजाच आहे."

"आता लोक ऐकतात होय?"

चित्र आधी आणि गोष्ट मागाहून, रीतच तशी. गोष्टकाराने लिहिलं की राक्षसाने गोड बोलून, अन्न वाढून सगळ्या नगराला फसवलं. ती चोपडी आधीच्या सगळ्या चोपड्यांहून जास्त खपली. आणि कासार बाजारात पंचा सोडून नुसता हसला तरी बायका एकमेकींना म्हणायला लागल्या, "बघितलंस? हा असाच गोड हसतो. असाच फसवतो."

चितारी डोक्याला हात लावून बसला. रंगाने केलेलं रंगाने पुसता येईना.

तेव्हा त्याची बायको, म्हणजे चोपड्यांमधली राजकन्या, भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी राजकन्या आहे. मला कुणी राजकन्या म्हणतं का?"

"नाही."

"का नाही म्हणत? कारण ह्या गावच्या बायका मला रोज विहिरीवर बघतात. दोर ओढताना बघतात, भांडताना बघतात. कासारभाऊजींना त्या बाहेरच्या लोकांनी कधी बघितलंय? त्यांनी राक्षस बघितला. राक्षस तुम्ही कसा करता, ते कुणीच बघितलं नाही."

चिताऱ्याने कुंचले धुऊन ठेवले. मग उठून शेठकडे गेला.

"शेठ, ह्या हंगामात मी चित्रं काढणार नाही. डोंगराकडच्या जत्रेला कासाराबरोबर जातो."

शेठ पान चघळायचा थांबला. "जत्रा म्हणजे आपली सुगी. आणि ऐन सुगीत तू काकणं विकायला जाणार?"

"विकायला नाही. त्याच्याशेजारी बसायला."

"मग मी दुसरा चितारी बघीन. एकदा त्याचा हात बसला, की तू परत येऊ नकोस."

जन्मभर चिताऱ्याने दुसरं काही केलं नव्हतं. पण तो म्हणाला, "बघा, शेठ. फक्त त्याला एवढं सांगा, राक्षसाला शेजाऱ्याचं तोंड देऊ नकोस."

कासारही ऐकेना. "अरे वेड्या, माझा धंदा बुडाला तो बुडाला, तू तुझा का बुडवतोस?"

"तुझा मी बुडवला. आता दोघे शेजारी शेजारी बुडू. गप्पा तरी होतील."

दोघे जत्रेला गेले. कासाराने बांगड्या मांडल्या, हिरव्या, लाल, सोनेरी वर्खाच्या राजवर्खी. आणि पंचा काढून तोंडाला बांधायला लागला. चिताऱ्याने तो पंचा ओढून घेतला आणि आपल्या डोक्याला गुंडाळला.

थोड्याच वेळात लोक जमले, पण लांब. "तोच तो." "भुवया बघ." "तीळ बघ." एका बाईने पोराला ओढून नेलं. मग गावचे पाटील आले, मिशीवर ताव देत.

"उठा इथून. मागे एकदा सांगितलं ना? बायका घाबरतात."

चितारी हात जोडून म्हणाला, "पाटील, एक चित्र पुरं होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तर आम्ही उठतो."

पाटलांना चित्रांची आवड होती. त्यांच्या उशाखाली चोपड्या होत्या, पण ते काही त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "बरं. एकच."

चिताऱ्याने बैलगाडीला एक पांढरी फळी टेकवली आणि कोळसा घेतला. कासाराला समोर बसवलं. घाई केली नाही. आधी भुवया काढल्या, मग डोळे, मग नाक, मग तीळ. डोळ्यांखालचा थकवाही काढला. लोक एकेक पाऊल पुढे आले.

"हुबेहूब आहे की," कुणीतरी म्हणालं.

"आता राक्षस कुठून येतो, ते बघा," चितारी म्हणाला.

त्याने दोन रेघांत शिंगं काढली. दोन फटकाऱ्यांत सुळे काढले. डोळ्यांची बुबुळं लहान केली. गर्दी एक पाऊल मागे सरली. चोपडीवरचा राक्षस त्यांच्यासमोर उभा होता. मग चिताऱ्याने ओलं फडकं घेतलं, शिंगं पुसली, सुळे पुसले, डोळे नीट केले. खाली पुन्हा तो थकलेला, साधा कासार.

"पुन्हा कर!" एक पोरगी ओरडली.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा पुसलं. पोरं हसायला लागली.

"आता कुणाला राक्षस करू, बोला."

पाटील आभाळाकडे बघायला लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पाटलीणबाईंचा आवाज आला, "ह्यांना करा!"

अशी हशाची लाट उठली की विचारू नका! पाटील लाल झाले, पण गावासमोर नाही कसं म्हणणार? बसले. चिताऱ्याने फळीच्या एका कोपऱ्यात त्यांचा चेहरा काढला, मिशीला पीळ दिला, शिंगं लावली. पाटलीणबाई पुढे आल्या, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शिंगं नसती काढली तरी मी ओळखलं असतं."

तेव्हा पाटीलसुद्धा पोट धरून हसले. मग काय विचारता! पैलवान राक्षस झाला, पुजारी राक्षस झाला. एक बोळक्या तोंडाची म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "मलाही राक्षसीण कर रे बाबा. निदान दात तरी येतील."

हसणाऱ्यांत ती नवरीही होती, जी मागे सासूच्या आड लपली होती. ती मात्र चित्राकडे बघत नव्हती. कासाराकडे बघत होती. म्हातारीला राक्षसिणीचे दात आले तेव्हा कासार इतका हसला होता की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, आणि तो ते तळहाताने पुसत होता.

नवरी हळूहळू पुढे आली. मागच्या खेपेला दुसऱ्या एका कासाराने तिच्या हातात घाईने बांगड्या भरल्या होत्या. मनगटावर अजून ओरखड्याचा व्रण होता.

"दादा, दुखेल का?" तिने विचारलं.

"दुखलं तर मोठ्याने ओरड, बाई," कासार म्हणाला. "आज राक्षस पुष्कळ आहेत. कुणीतरी सोडवायला येईल."

ती हसली आणि तिने हात पुढे केला.

कितीतरी दिवसांत कासाराच्या हातात कुणी हात दिला नव्हता. त्याने तिचं मनगट धरलं, व्रण पाहिला, आणि त्याच्यावर बांगडी घासू नये म्हणून आपला अंगठा मध्ये ठेवला. "सैल सोड," तो हळूच म्हणाला, "झोपेत सोडतेस तसा."

तिने हात सैल सोडला. हिरवी काकणं एकेक करून आत गेली. एकही किणकिणली नाही, एकही फुटली नाही. नवरीने मनगट उचलून उन्हात धरलं, सासूला दाखवलं, आणि वाकून कासाराला नमस्कार केला.

मग हात पुढे यायला लागले. लहान हात, राबलेले हात, म्हातारीचे सुरकुतलेले हात. पाटलीणबाईंनी दोन्ही हात भरून घेतले. दिवस कलला तेव्हा गाठोड्यात नुसतं फडकं उरलं होतं, आणि पाटील अजून आपलं राक्षसाचं चित्र कुणी पुसू नये म्हणून फळीजवळ उभे होते.

तिकडे शेठने दुसरा चितारी आणला होता. त्याचे वाघ जांभई देत असल्यासारखे दिसायचे. हंगाम सरला तसा शेठ स्वतः चिताऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला.

"चल, झालं गेलं विसर. राक्षस तुझाच लागतो लोकांना."

"काढतो, शेठ. पण आता ज्याला समोर बसवीन, त्याला आधी विचारीन, बाबा, तुझं काम काय, आणि ह्या चित्राने ते अडेल का. आणि राक्षसाला तोंड माझं राहील."

शेठने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बसकी गालफडं, टक्कल, काटकुळी मान. "असला राक्षस?"

"गोष्टकाराला सांगा, उपाशी राक्षस जास्त भयंकर असतो."

गोष्टकाराने कपाळाला हात लावला आणि तसंच लिहिलं. तोही राक्षस खपला. चितारी बाजारात गेला की पोरं मागे लागायची, "राक्षस आला, राक्षस आला!" तो मागे वळून गुरगुरायचा, पोरं पळायची, आणि तो आपली भाजी घेऊन खुशीत घरी यायचा. चिताऱ्याला कुणी हात द्यावा लागत नाही. त्याचं काहीच अडलं नाही.

म्हातारा होईपर्यंत तो चित्रं काढत राहिला. किती काढली ते त्याला ठाऊक नव्हतं आणि शेठलाही नव्हतं. जत्रांचे दिवस नसले की कासार दुपारचा त्याच्यासमोर येऊन बसायचा. आता त्याला कधी झाड व्हावं लागायचं, कधी पहाड, कधी वाकून घोड्याचं मागचं अंग.

"हे बरं," कासार वाकल्या वाकल्या म्हणायचा. "ह्याला तोंडच नाही."

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याचा चेहरा उसना घ्याल, त्याची अब्रू आपल्या अब्रूसारखी जपा.